आकाश कुठलं घेतलंस

वेधशाळा,
१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरा आहे, उजवा गुडघा सोडून. तुझी तब्येत चांगली असेल असं इथे लिहायची रीत आहे, पण वहिनींनी फोनवर सगळं सांगितलंय, त्यामुळे ते नाटक करत नाही. पुढचं वाचण्याआधी चष्मा लाव आणि सकाळच आहे ना, ते बघून घे. सकाळी तू अजून पूर्वीसारखा वाचतोस, वर पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या चुकाही काढतोस, असं वहिनी म्हणाल्या. माझ्याही काढ. मला बरं वाटेल.

मी कोण ते सांगतो. मी धाकटा, तुझा भाऊ. तेरा वर्षांत आपण एक शब्द बोललेलो नाही, तेव्हा पटकन लक्षात आलं नाही तर त्यात तुझ्या आजाराचा काही दोष नाही.

मी यायलाच निघालो होतो. बॅगही भरली होती. वहिनींनी अडवलं. समोर माणूस आला की तू गोंधळतोस, फोनवरच्या आवाजानं बेचैन होतोस, कागद तेवढा तुला अजून कळतो, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणतात, कागदही आणखी चार-पाच महिनेच. म्हणून लिहितोय, आणि घाईनं लिहितोय. एक गोष्ट मला तुझ्यापर्यंत पोचवायची आहे, ती तुला समजतेय तोवर. एवढं एक झालं पाहिजे. मग माझं काही का होईना.

आपला धूमकेतू परत आलाय, दादा. तू कागदावर काढून ठेवला होतास त्याच आठवड्यात आला. सूर्य मावळला की पश्चिमेला डोंगराच्या वर पंचवीस मिनिटं मिळतात, मग गडी खाली जातो. डोकं हिरवट आहे. धुळीची शेपटी आखूड, पिवळसर, जराशी वाकलेली. वायूंची शेपटी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात निळी येते, सरळ वर गेलेली. सूर्य खाली, म्हणून ती त्याच्याकडे पाठ करून वर पळते. हे मी तुला शिकवतोय. बघ काय दिवस आलेत.

घुमट तोच आहे. फिरवायची मोटरही तीच, अर्ध्यात अडते आणि मग हातानं साखळी ओढावी लागते. नव्या मोटरसाठी मी चार अर्ज केले. प्रत्येक अर्जाला छान उत्तर आलं, मोटर आली नाही. चहा अजून तसाच पाणचट आहे. ज्या खुर्चीचा पाय तू तारेनं बांधला होतास ती खुर्ची मात्र मोडीत निघाली, मागच्या वर्षी. माझ्याच वजनानं.

आता मुद्द्याचं. तुला आठवत नसेल तर थोडक्यात सांगतो, वहिनींनाही कळू दे. प्रत्येक वायू प्रकाशाच्या पट्टीत आपल्या ठरलेल्या जागी रेघ उमटवतो. मागच्या खेपेला तू याच धूमकेतूच्या शेपटीत नायट्रोजनची रेघ पाहिलीस. नायट्रोजन टिकलाय म्हणजे हा गोळा सूर्यापासून फार लांब, भयंकर थंडीत जन्मला, असं तू म्हणालास. मी म्हणालो, ही रेघ आपल्याच हवेची. संध्याकाळी आपल्या डोक्यावरची हवा असली रेघ देते, कुठेही दुर्बीण लावा. दोघांचंही खरं असू शकत होतं. निकाल लावायची रीत तूच मला शिकवलेली. आधी धूमकेतूचं चित्र घ्यायचं, मग दुर्बीण बाजूला नेऊन रिकाम्या आकाशाचं चित्र घ्यायचं, आणि दुसरं पहिल्यातून वजा करायचं. हवेचं असेल ते जातं, धूमकेतूचं असेल ते उरतं. मी वजा केलं आणि रेघ गेली. सगळ्यांसमोर तू हरलास.

यंदा मी ते पुन्हा केलं. तीन संध्याकाळी, एकट्यानं, साखळी ओढत. वजा केल्यावर रेघ राहिली, दादा. तिन्ही संध्याकाळी राहिली. रिकाम्या आकाशात ती नावापुरती आहे आणि शेपटीत तिच्या चौपट. मी सात वेळा आकडेमोड केली, मग खाली जाऊन ओटीवर बसलो.

तेरा वर्षांपूर्वीचं माझं रिकामं आकाश रिकामं नव्हतंच. मी दुर्बीण शेपटीच्या दिशेनं वर नेली होती, आणि शेपटी माझ्या अंदाजापेक्षा खूप लांब होती. म्हणजे मी शेपटीतून शेपटीच वजा केली आणि काही उरलं नाही म्हणून ओरडत सुटलो. चूक झाली. घाईत झाली, कुणाच्याही हातून होते.

तू बरोबर होतास. हे वाक्य पुन्हा वाच. सोसवलं तर वहिनींना मोठ्यानं वाचून दाखव. तू बरोबर होतास, आणि हे मी सगळ्यांना सांगणार आहे. पण त्याआधी तुला सांगतोय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पत्र मिळालं आणि समजलं, एवढं वहिनींकडून कळव.

तुझा,
धाकटा


वेधशाळा,
१ मार्च

प्रिय दादा,

मी धाकटा. पुन्हा लिहितोय. नमस्कार-चमत्कार आज राहू देत.

पहिलं पत्र तू वाचलंस. वहिनींचा फोन आला. दोनदा वाचलंस, तीन ऱ्हस्वदीर्घ सुधारलेस, आणि मग मान हलवलीस. तू जे म्हणालास ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. मी ते कागदावर लिहून घेतलं, कारण मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड आहे. तू म्हणालास, "नाही, आकाश बाजूचंच घेतलंय. धाकट्यानं स्वतः सांगितलंय मला. तो माझ्याशी खोटं नाही बोलणार. चूक माझीच आहे कुठेतरी." आणि कपाटातून वह्या काढून बसलास.

कुठल्या वह्या, असं मी वहिनींना विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोण सांगणार होतं, भावजी?" आठवड्याचे सहा दिवस तू चष्म्याच्या दुकानात बसून काचा घासायचास आणि रविवार आला की जेवणाच्या टेबलावर त्या नऊ वह्या मांडायचास. मागच्या खेपेच्या नोंदी. आपलं कुठे चुकलं ते शोधायला. तेरा वर्षं. कुणाकडे जेवायला बोलावलं तरी रविवार म्हटलं की नाही. सुरुवातीला वहिनी भांडायच्या, मग त्यांनी दुसरं छोटं टेबल आणलं, जेवायला. आता निम्मं विसरलास, दुकानाचा रस्ता विसरलास, पण वह्या विसरला नाहीस. आता तर रोजच काढतोस.

हे सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, हे तुम्हाला यंदा कळलं की तेव्हाच कळलं होतं? मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर करतो. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तर आता लिहितो. मागच्या पत्रात चूक झाली असं लिहिलं ते अर्धंच आहे. उरलेलं हे.

त्या संध्याकाळी पंचवीस मिनिटांतली अठरा गेली होती. बाजूला जायचं तर घुमट फिरवायला हवा होता. मोटर अडली, तर उतरून साखळी ओढा, तोवर धूमकेतू खाली. दुर्बीण नुसती वर उचलायची तर घुमट हलवावाच लागत नाही, फट उभीच असते. मी कंटाळा केला. दुर्बीण तीन बोटं वर नेली आणि दाबलं बटण. तू असतास तर कान धरला असतास. वर म्हणजे शेपटीच्या दिशेनं, हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. शेपटी एवढी लांब नसेल, असं धरून चाललो. वजा केल्यावर रेघ अगदी गेली नव्हती. थोडी उरली होती. ती उरलेली मी यंत्राचा गोंगाट म्हणून सोडून दिली.

मग २२ मार्चची बैठक. तू बोललास, मी उठलो, माझं चित्र लावलं. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला? पण समोर हॉल भरलेला, पहिल्या रांगेत संचालक, आणि माझ्या जिभेला खाज. म्हणालो, "आमच्या दादानं एवढी मोठी दुर्बीण लावून आपल्या घरचीच हवा पकडली." लोक किती हसले. दुसऱ्या दिवसापासून तू हवामास्तर. कँटीनमध्ये पोरंटोरं विचारायची, काय मास्तर, आज हवा काय म्हणते? ते नाव माझ्यामुळे पडलं आणि मी एकदाही कुणाला गप्प बसा म्हटलं नाही.

बैठकीनंतर तू जिन्यापाशी मला गाठलंस. चिडला नव्हतास. हातात कागद होते, चष्मा कपाळावर होता. एकच विचारलंस, "आकाश कुठलं घेतलंस?" मी म्हणालो, "बाजूचं. तू शिकवलंस तसं." बस. एवढंच झालं. बाकीचे चहाला निघाले होते, मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, तू मध्ये उभा होतास, तुला टाळायचं म्हणून बोलून गेलो. तू मान डोलावलीस, बरं म्हणालास आणि बाजूला झालास. नोंदवही बघू, असंसुद्धा म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं, कारण दुर्बीण कुठे होती त्याचे आकडे वहीत स्वच्छ लिहिलेले होते. माझ्याच अक्षरात. तुला वही बघायची गरज वाटली नाही, कारण मी सांगितलं होतं.

तेव्हाही मला वाटत होतं, वर घेतलं काय आणि बाजूला घेतलं काय, फरक पडणार नाही. शप्पथ सांगतो. हे खरं एकोणीस दिवस टिकलं.

१० एप्रिलला एका दंतवैद्यानं वेधशाळेला एक फोटो पाठवला. हौशी माणूस, गावाबाहेर कॅमेरा लावून काढलेला, चांगला हातभर लांब. भिंतीवर लावा म्हणून. वायूंची शेपटी त्यात चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथे कापली गेली होती. मी टेबलावर पट्टी ठेवून मोजलं. माझं रिकामं आकाश बरोबर मध्यावर, निळ्यात. दाराला कडी लावली, पुन्हा मोजलं. मग फोटो गुंडाळून कपाटामागे सारला, नोंदवही माझ्या खणात टाकून कुलूप लावलं. दंतवैद्याला आभाराचं पत्र पाठवलं. सुंदर पत्र लिहिलं, दादा.

आणि तेव्हा अजून उशीर झाला नव्हता. तुझ्या नोकरीची मुदतवाढ संचालकांच्या टेबलावर होती, निर्णय ३० एप्रिलला होता. मला वीस दिवस होते. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनीच आत बोलावलं आणि सांगितलं की विभाग तुमच्याकडे देतोय. मी आभार मानले.

तू टेबल आवरून गेलास तेव्हा मी वरच्या खिडकीत उभा होतो. खाली आलो नाही. माझ्या टेबलावर तू चिठ्ठी ठेवून गेला होतास. मला वाटलं, आता काहीतरी जळजळीत लिहिलेलं असणार. त्यात लिहिलं होतं, मोटर अडली तर साखळी डावीकडून ओढ, उजवीकडून ओढशील तर खांदा जाईल.

हे सगळं लिहायचं कारण ऐक. माझ्या पोटातलं ओझं उतरावं म्हणून लिहीत नाही. उतरणार नाही ते. तू वह्या मिटाव्यास म्हणून लिहितोय. तुझ्या नऊ वह्यांत काहीही चूक नाही. एक आकडा चुकलेला नाही. मी खोटं बोललो. जिन्यापाशी मी तुझ्याशी खोटं बोललो, एकोणीस दिवसांनी तूच बरोबर हे मला कळलं, आणि मी तेरा वर्षं मूग गिळून बसलो. धाकटा खोटं बोलणार नाही, असं तू धरून चाललास, तेवढीच तुझी चूक. तेवढी एक वहीत लिही आणि वही बंद कर.

दादा, मी तुझे पाय धरतो. समजून घे म्हणत नाही, माफ कर म्हणायचं तोंड नाही, पण समजू दे. अजून तुला कागद कळतोय तोवर हे समजू दे. शिव्या दे. माझं नाव घरात काढायचं नाही, असं सांग. काही कर, पण स्वतःत चूक शोधू नकोस.

तुझा,
धाकटा


वेधशाळा,
१९ मार्च

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. तुम्ही मला पत्र लिहाल असं वाटलं नव्हतं. तुमचं अक्षर ओळखल्यावर ते फोडायला मला चांगला तासभर लागला.

आधी इकडचं सांगतो. रेघ हवेचीच असं म्हणणारा माझा तेव्हाचा लेख मागे घेत असल्याचं निवेदन मी आठ दिवसांपूर्वी पाठवलं, कारणासकट. वर घेतलेलं आकाश, वही, दंतवैद्याचा फोटो, सगळं. संचालक नवे आहेत, तरुण आहेत, मला समजावत होते. म्हणाले, एवढं खोलात कशाला जाता, सुधारित आकडा म्हणून नव्या लेखात घाला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, शोभेनं जा. मी म्हणालो, शोभा तेरा वर्षांपूर्वीच गेली, कुणी पाहिलं नव्हतं एवढंच. विभाग माझ्याकडून काढून घेतलाय. कालपासून लोक मला बघून आवाज खाली करतात. करू देत. दादाचं नाव पहिलं घालून नवा लेख तयार केलाय, तो तुमच्याकडे पाठवतो. सही करायची त्याची स्थिती नसेल तर तुम्ही करा, चालतं म्हणे.

धूमकेतू आता मोठ्या दुर्बिणीतही पुसट झालाय. चार दिवसांत तिच्यातूनही नाही दिसणार.

आता तुमच्या पत्राचं. मी ते किती वेळा वाचलं सांगत नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसरं पत्र तुम्ही आधी स्वतः वाचलंत आणि दोन दिवस उशीखाली ठेवलंत. त्याला द्यावं की नाही, ठरत नव्हतं. मग तिसऱ्या सकाळी दिलंत. त्यानं सावकाश वाचलं, बोट ठेवून. फोटो आणि पट्टी या जागी थांबला, पेन्सिल घेऊन कडेला आकृती काढली, सूर्य, डोंगर, शेपटी आणि वर एक चौकोन. चौकोन शेपटीत येतो, हे त्याला कळलं. तुम्ही लिहिलंय, किती दिवसांनी चेहरा असा लख्ख झाला होता. हे वाचताना, वहिनी, मी उभा राहिलो. खोलीत कुणी नव्हतं तरी उभा राहिलो. वाटलं, पोचलं. वेळेत पोचलं.

आणि मग पुढचं वाचलं.

तो घाईघाईनं उठला, बूट शोधायला लागला. कुठे निघालात विचारलं तर म्हणाला, "धाकट्यानं आकाश शेपटीतलंच घेतलंय. त्याला अजून कळलेलं नाही. छापायच्या आधी सांगायला हवं, नाहीतर हसं होईल पोराचं."

पोराचं. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, वहिनी.

तेव्हापासून वह्या बंद आहेत, असं तुम्ही लिहिलंय. एकदाही काढल्या नाहीत. म्हणजे मी मागितलं होतं ते मिळालं. तो स्वतःत चूक शोधत नाही. आता तो रोज सकाळी बूट घालून दाराशी बसतो आणि विचारतो, धाकट्याला कळवलं का? तुम्ही हो म्हणालात तर म्हणतो, मग त्याचं उत्तर कसं नाही आलं? जेवायला उठत नाही. त्याच्या मनात ती बैठक व्हायची आहे. मी अजून काही केलेलंच नाही. जिन्यापाशी भेटलो नाही, खोटं बोललो नाही, खिडकीत उभा राहिलो नाही. बैठक, दुकान, हवामास्तर, सगळं पुसलं गेलं, आणि त्यातून उरलं काय तर माझी काळजी.

मी काय काय धरून ठेवलं होतं. शिव्या देईल, पत्र फाडेल, तुमच्याकडून निरोप पाठवेल की मेलो तरी येऊ नकोस. सगळ्याची तयारी होती. याची नव्हती. ज्याची माफी मागायची त्या माणसाला गुन्हाच माहीत नसेल तर मी कुणाकडे जाऊ? मी दोन-तीन वर्षं आधी लिहिलं असतं तर त्यानं वाचलं असतं, ओळखलं असतं, मला हाकलून तरी दिलं असतं. हाकलून घ्यायलाही मी उशीर केला.

तुम्ही सुचवलंय ते मी रात्रभर टाळत होतो. बैठकीआधीच्या त्या दिवसांतलं वाटेल असं पत्र लिहा, निरोप मिळाला म्हणून कळवा. वहिनी, मी आत्ताच कुठे खरं बोललोय. पन्नाशी उलटल्यावर, सगळ्यांसमोर, नाक घासून. आणि आता पुन्हा त्याच माणसाशी, त्याच गोष्टीबद्दल खोटं बोलू? मी तुम्हाला नाही असं लिहायलाही बसलो होतो. पहिला कागद फाडला तो त्याचाच. मग तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि बहुतेक करणारही नाही. पण ते बूट घालून बसतात. पत्र पाठवा."

माफ करू नका. निदान एका माणसाला तरी सगळं आठवत असू दे.

पत्र सोबत आहे. परवा सकाळी द्या, २१ तारखेला. बैठक २२ ला होती, तेव्हा तारखेपुरतं तरी खोटं बोलावं लागणार नाही. वर्ष मुद्दामच घातलेलं नाही. मी धाकटा, तुझा भाऊ, असं यात सांगितलेलं नाही, त्या दिवसांत मला ते सांगावं लागत नव्हतं. वाचून झाल्यावर त्यानं बूट काढले की नाही, एवढं कळवा. दुसरं काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

आपला,
भावजी


वेधशाळा,
२१ मार्च

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. वेळेत मिळाला.

तू म्हणतोस तसंच झालंय. घुमट फिरवायचा कंटाळा केला आणि आकाश वरचं घेतलं, शेपटीतलं. वही काढून बघितली, आकडे समोर आहेत. मग तू शिकवलंस तसं बाजूचं घेतलं, चांगलं लांब. वजा केल्यावर रेघ राहते. नायट्रोजन आहे, दादा. शेपटीत आहे, आपल्या हवेतला नाही. तुझे आकडे बरोबर आहेत, सगळे.

मी लेख मागे घेतलाय. छापून येणार नाही. उद्या बैठकीत मी काही बोलणार नाही, तू बोल. मी मागच्या रांगेत बसेन. कुणी शंका काढलीच तर उठून सांगेन की मी पण मोजलंय आणि दादाचं बरोबर आहे. लोक तुझ्याशी हात मिळवायला येतील तेव्हा चष्मा कपाळावर ठेवू नकोस, नाहीतर कोण आलं ते दिसायचं नाही तुला.

कुणीही हसणार नाही. मला नाही आणि तुला तर नाहीच. तू वेळेवर कळवलंस, नाहीतर माझ्या हातून काय झालं असतं कुणास ठाऊक. तुझं नुकसान करून बसलो असतो, आणि मग तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नसती. पण तसं काही झालेलं नाही. सगळं ठीक आहे.

तू इकडे यायची गरज नाही. बूट काढ आणि जेवून घे. वहिनी थांबल्यात.

तुझ्यामुळे वाचलेला,
धाकटा